पायाळूची पाठ

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने माझाच पाठीचा कणा मला दाखवला. "अम्मा, ये हड्डियाँ देखो. डब्बे पे डब्बा रखे जैसे हैं ना? अब ये बीच की देखो."

मधलं ते हाड मलाही दिसलं. बाकीचे मणके फळीवर रचलेल्या डब्यांसारखे चौकोनी होते. हा एकच पुढच्या बाजूने चेपलेला होता, कुणीतरी डब्यावर पाय दिल्यासारखा.

"फ्रॅक्चर है," त्या म्हणाल्या.

"पण मी पडले कुठं? मैं तो गिरी नहीं!"

"गिरने की जरूरतच नहीं पड़ी अम्मा. आपकी हड्डी को इत्ताच बहुत था."

याचं नाव व्हर्टेब्रल कॉम्प्रेशन फ्रॅक्चर. व्हर्टेब्रा म्हणजे मणका आणि कॉम्प्रेशन म्हणजे दाबलं जाणं. मणका तुटून दोन तुकडे होत नाही, तो आपल्याच अंगाच्या भाराने दबतो. आणि तो का दबला, तर ऑस्टिओपोरोसिस. हाडं आतून विरळ होतात. आपण अनारशाला जाळी पडली की खूश होतो ना, तशी जाळी हाडात असतेच, पण तिची भोकं मोठी होत गेली की हाड पोकळ होतं. अनारशाची जाळी बघून जिवाला बरं वाटतं, हाडाची बघून मात्र मी घाबरले.

तरी मी विचारलंच. "डॉक्टर, मग झटका दिला तर तो कट आवाज करून वर नाही का येणार?"

माझा मुलगा प्रसाद शेजारी बसला होता, त्याने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कट करने कौन बोला आपको?"

"बोललं कुणी नाही. मीच करून घ्यायला गेले होते. ज्याच्याकडे गेले त्यानेच नाही म्हटलं. पहले एक्स-रे निकालो बोला."

"उसको दुआ देना अम्मा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या तपासण्या लिहायला लागल्या.

ते पाय दिल्यासारखं हाड माझ्या डोळ्यासमोरून हलेना. कारण पाय आणि पाठ यांच्याशी माझा संबंध फार जुना आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी डॉक्टर सोडून दुसरीकडे का धावले ते तुम्हाला कळायचं नाही.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता माझे पाय आधी आले. आपल्याकडे समजूत अशी की पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते. उसण तुम्हाला माहीतच असेल. वाकताना नाहीतर वळताना पाठीत एकदम चमक भरते आणि माणूस तिथल्या तिथे थिजतो. आईने मला परकरात असतानाच रीत शिकवली. दुखणाऱ्याने पालथं झोपायचं. आपण उजवा पाय धुऊन कोरडा करायचा आणि दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा. लाथ मारायची नाही, भार द्यायचा नाही. त्या वेळी दोघांनीही बोलायचं नाही, आणि नंतर काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही.

माहेर मराठवाड्यातलं, सासर हैदराबादच्या सुलतान बाजारातलं. सासऱ्यांचं कापडाचं दुकान. तागे उचलून उचलून त्यांना सारखी उसण भरायची. मला पसंत करण्यात माझ्या रूपापेक्षा माझ्या पायाचा वाटा मोठा होता, असं आमचे हे अजून चारचौघांत म्हणतात. पुढे ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही तारनाक्याला आलो, तिथेही माझा पाय प्रसिद्ध झाला. तेलुगू लोकांतही ही समजूत आहेच. त्यामुळे कुणाची आजी, कुणाचे भाऊजी, बँकेतले साहेब, सगळे आमच्या बैठकीत सतरंजीवर पालथे पडून गेलेत. बहुतेक सगळे बरे झाले. का झाले ते पुढे सांगते.

तर अशा माणसाची स्वतःची पाठ धरली.

काही मोठं काम केलं नव्हतं. चादर खोचायला गादीचा कोपरा उचलला, एवढंच. पाठीच्या मधोमध असं काही झालं की मी गादीवरच ओणवी राहिले. हे धावत आले. मला कशीबशी आडवी केली, बामाची बाटली शोधून आणली, आणि मग राहवलं नाही त्यांना. "पायाळूबाई, लावा आता स्वतःच्या पाठीला पाय!"

हसले तर कळ आली. म्हटलं, "अहो, हसवू नका हो."

मला वाटलं उसणच आहे. शेक घेतला, दुखण्याची गोळी घेतली. उसण कशी, दोन-चार दिवसांत उतरायला लागते. ही उतरेना. पडून राहिलं की बरं वाटायचं, उठून बसलं की जीव जायचा, आणि खोकला आला तर विचारूच नका. पण डॉक्टरकडे जायचं माझ्या डोक्यातच येईना. माझ्या डोक्यात होतं, दुसरा पायाळू शोधायचा.

माझी नणंद कमल अजून सुलतान बाजारातच राहते. कमलवन्संनी फोनवर फोन केले. मराठी मंडळात विचारलं, भजनी मंडळात विचारलं. तरण्या पोरापोरींत एक पायाळू सापडेना. मग त्यांच्याच ध्यानात आलं. "अहो वहिनी, आता पोटात बाळ उलटं दिसलं की सिझरच करतात. पायाळू जन्मणार कुठून?" एक म्हातारे गृहस्थ तेवढे सापडले. पण त्यांचे गुडघे असे, की पायरी चढायलाच त्यांना दोन माणसं लागायची. ते माझ्या पाठीवर पाय काय टेकवणार!

शेजारच्या पद्माअम्मा रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. त्या शाळेत शिकवत, आता घरीच असतात. आमचं दोघींचं बोलणं हैदराबादी हिंदीत. त्या म्हणाल्या, "अक्का, तुम सबकी कमरां सीधे करते बैठे. अब तुम्हारी कौन करता?" त्यांनी गमतीनेच म्हटलं, पण मला त्या दिवशी खरंच एकटं वाटलं.

प्रसाद शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहतो. त्याचं लॅपटॉपवरचं काम आहे. तो शनिवारी आला आणि त्याने मोबाइलवर मला एक माणूस दाखवला. पेशंटला कुशीवर झोपवायचं, खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे, आणि एक झटका. कट! पेशंट उठून हसतो. दुसरा येतो. कट कट कट! प्रसाद म्हणाला, "याला कायरोप्रॅक्टर म्हणतात, आई. मणक्यांना हाताने झटका देऊन मोकळं करतात. माझ्या ऑफिसच्या जवळच आहे एक. परदेशात शिकून आलाय."

मला तर तो आवाजच पटला. आता हसू नका. नातवावरून हात ओवाळून मी कानशिलावर बोटं मोडते तेव्हा जितकी कडाकड वाजतात तितकी दृष्ट निघाली, असं आम्ही धरतो. तसंच हे. आवाज झाला म्हणजे आतलं काहीतरी बाहेर पडलं. शिवाय तो माणूस मला आमच्याच धंद्यातला वाटला. मी पायाने करते, तो हाताने करतो. गोळ्या नाहीत, सुया नाहीत. हे म्हणत होते, आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, "डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मला नाही कापून घ्यायचं." खरी भीती ती होती. ओळखीतल्या एका बाईंचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्या पुढे उठल्याच नाहीत, एवढं मनात धरून बसले होते. त्यांना काय आजार होता तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

त्याचा दवाखाना स्वच्छ होता. मधोमध ते बाक, तोंडाच्या जागी भोक असलेलं. मी त्या बाकाकडेच बघत होते. तो मुलगा, हो, माझ्यापुढे मुलगाच, मला बाकावर घेईचना. समोर बसवून विचारतच राहिला. वय किती? पडलात का? उंची कमी झाली का? मासिक पाळी कधी थांबली?

मी म्हटलं, "चाळिशीतच पिशवी काढली."

त्याने लिहायचं थांबून वर पाहिलं. "अम्मा, उसके बाद हड्डियों का कुछ टेस्ट किए?"

"नाही बाबा. हाडांना काय धाड भरली होती?" पाळी लवकर थांबली की हाडंही लवकर विरळ होतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मग उंचीचं विचारलं, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण प्रसाद म्हणाला, "आई, ती मसाल्याची बरणी तू हल्ली मला काढायला लावतेस." खरं होतं. वरच्या फळीवरची बरणी माझ्या हाताला येईनाशी झाली होती. आणि साड्यांच्या निऱ्या लोळायला लागल्या होत्या. मला वाटायचं, वयाने नेसण्यात ढिलाई आली. बायांनो, तुमच्याही निऱ्या लोळायला लागल्या असतील तर नेसण्याला दोष देऊ नका, आधी भिंतीला उभं राहून उंची मोजा.

त्याने मला उभं केलं आणि पाठीवरून हलक्या मुठीने टकटक करत खाली आला, भिंत पोकळ आहे का बघावं तशी. एका जागी मूठ लागली आणि मी ओरडले. बाहेर बसलेली माणसं डोकावली असतील.

तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने चक्क हात जोडले. "अम्मा, आज मैं हाथ नहीं लगाता. पहले एक्स-रे निकालो. फिर हड्डी के डॉक्टर को दिखाओ."

मला इतका राग आला! एवढं लांब, खड्ड्याखड्ड्यांतून, कळा सोसत आले ती एका झटक्यासाठी. मी म्हटलं, "एक बार तो करो. कट बोलके आवाज आया तो बस."

तो म्हणाला, "आवाज से कुछ नहीं होता अम्मा. सोडे की बाटली खोले तो जैसा आवाज आता, वैसाच है. जोड़ में गैस रहती. आवाज आया मतलब बीमारी गई, ऐसा नहीं."

तेव्हा मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. सांगितलं की मी पायाळू आहे, आजवर कितीतरी जणांच्या पाठीला पाय लावलाय, आणि कधी कुणाला असं परत पाठवलं नाही. मला वाटलं ओशाळेल. तो ओशाळला नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बसला. त्याची आजीसुद्धा असंच करायची म्हणे, त्यांच्या गावी. मग अगदी सहज, जाणून घ्यायला विचारावं तसं त्याने विचारलं, "अम्मा, पाँव लगाने के पहले आप उनको क्या पूछते?"

"पूछते मतलब?"

"मतलब किसको लगाना, किसको नहीं लगाना, कैसे समझते?"

मी म्हटलं, "हमारे में बोलने काच नहीं."

टेबलावरचा कागद ओढून त्याने एक्स-रेसाठी लिहून दिलं. गाडीत मी प्रसादला म्हटलं, "घाबरट आहे रे तो." प्रसादनेही मान हलवली. पण तो प्रश्न काही गाडीत राहिला नाही, माझ्याबरोबर घरी आला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एक्स-रे, डॉक्टरीणबाई, चेपलेला डबा.

एक्स-रेवर भागलं नाही, एमआरआय करायला लावला. मणका नवाच दबलाय का जुना, आणि मागच्या नसांवर दाब आहे का, ते त्यात कळतं. तिथल्या वेटिंग रूममध्ये बसणं हीच शिक्षा होती, मी तर सारखी ऊठबस करत होते. शेजारी जुन्या शहरातल्या एक बाई होत्या, त्यांनी आपली उशी मला पाठीमागे दिली आणि स्वतः भिंतीला टेकल्या. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. मशीनची भीती बाळगू नका. ते एक अरुंद बोगद्यासारखं असतं आणि ठकठक, घर्रघर्र असे आवाज येतात. मी डोळे मिटून मनातल्या मनात दिवाळीचा सगळा फराळ केला, चकलीपर्यंत पोचले तोवर बाहेर काढलं. मग डेक्सा म्हणून तपासणी. ती अगदीच सोपी, नुसतं पडून राहायचं आणि हाडं किती भरीव आहेत ते कळतं. रक्तही तपासलं. क्षय किंवा गाठीसारख्या दुसऱ्या कारणानेही मणका दबू शकतो, ते नाही ना हे बघायला. ते निकाल येईपर्यंत ह्यांनी माझी एकदाही थट्टा केली नाही. तेव्हा मला कळलं की हे घाबरलेत.

तसलं काही निघालं नाही. नसाही मोकळ्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन नको. हाड हळूहळू आपलं आपण भरेल. काही आठवडे ब्रेस लावायचा. ब्रेस म्हणजे पाठीमागे पट्ट्या असलेलं जाकीट, त्याने माणूस पुढे वाकत नाही. दुखण्याची गोळी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि हाडं आणखी विरळ होऊ नयेत म्हणून एक औषध, सलाइनसारखं शिरेतून देतात ते. वाकून काही उचलायचं नाही. आणि पाठीला झटका, पिळा, मालीश, कुणाचा हात नाही, कुणाचा पाय नाही.

"अगर उस दिन कोई झटका देता तो?" मी विचारलं.

"एक हड्डी की दो हो जाती थी. या नस दब जाती थी. फिर पैरों का क्या होता, बोल नहीं सकती मैं."

पैरों का. माझे पाय, म्हणजे ज्यांचा मला एवढा अभिमान!

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर शहाणपण आलंच असेल. नाही आलं. हेच मला मुद्दाम सांगायचंय. डॉक्टरांचा उपाय असा, की काही उपाय केल्यासारखं वाटतच नाही. गोळी घ्या, ब्रेस बांधा, थांबा. उन्हाळा लागला होता. त्या जाकिटात घामाने अंग उकडून निघायचं. दिवस जात होते आणि दुखणं मात्र तिथंच बसलेलं. आज वाटतं ते कमी होतही असेल, पण दुखणाऱ्याला रोजचं कमी होणं दिसत नाही.

अशात एक दिवस कमलवन्सं आल्या, त्याही ऑटो खाली उभी ठेवूनच. "वहिनी, चला. फंक्शन हॉलमध्ये शिबिर आहे. बाहेरगावचे एक गुरुजी आलेत. एका झटक्यात पाठ मोकळी. आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं जाऊन आली, नाचत आली."

हे बँकेत गेले होते. मी ब्रेस बांधून तयारच होते. चपला घातल्या. खरं सांगते, पाय आपोआप निघाले. प्रसादला फोन केला तर तोही म्हणाला, "आई, बघ तुला वाटत असेल तर. आता इतके दिवस झाले, हाड भरलंही असेल." म्हणजे अडवणारं कुणी नव्हतं. हो म्हणायचं की नाही, ते माझ्या एकटीवर आलं.

दारात मी वन्संना विचारलं, "ते गुरुजी आधी विचारतात काय?"

"काही विचारत नाहीत हो! म्हणून तर लाइन भराभर पुढे जाते."

मी दाराशीच खुर्चीवर बसले. मला तो मुलगा आठवला, खुर्ची पुढे ओढून बसलेला. पाँव लगाने के पहले आप उनको क्या पूछते? त्या हॉलमध्ये मी पालथी पडणार, आणि त्या माणसाला माझ्याबद्दल काहीच माहीत नसणार. पिशवी काढली ते नाही, निऱ्या लोळतात ते नाही, मणका चेपलाय तेही नाही. मी सांगायला तोंड उघडीन तोवर झटका बसलेला असेल. आणि त्यात त्याचा हेतू वाईट असेल असंही नाही. माझा तरी कुठे वाईट होता?

मी म्हटलं, "वन्सं, मी नाही येत."

"अहो, ऑटो उभी आहे!"

"मग तुम्ही या जाऊन."

त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "एवढ्या पायाळू आणि तुमचाच विश्वास नाही!" आणि जिना उतरल्या. वाटेत परत फिरून वर आल्या, का कुणास ठाऊक. "एकटीने कशाला जाऊ? माझी पाठ थोडीच दुखतेय," असं म्हणून स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. ऑटोवाला खालून हाका मारत होता. शेवटी त्यालाही चहा पाठवला आणि ऑटो सोडून दिली.

त्यानंतर मी थांबायला शिकले. थांबणं हाही उपचार असतो, पण त्याला कटसारखा आवाज नसल्यामुळे आपल्याला तो कळत नाही. हळूहळू शेंगा सोलायला बसता येऊ लागलं. मग जिन्याची एक फेरी. फिजिओथेरपीच्या मुलीने, म्हणजे व्यायामाने स्नायूंना बळ आणणारी, तिने मला अंथरुणातून उठायची रीत शिकवली. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, आणि मग हाताने रेटा देऊन उठायचं. एवढं आयुष्य मी सरळ ताडकन उठत आले होते. ब्रेस सुटला त्या दिवशी हे म्हणाले, "चिलखत उतरलं, आता लढाई कुणाशी?" ह्यांची थट्टा परत आली म्हणजे घरातली काळजी गेली, असं मी समजले.

मी डबाभर शंकरपाळे घेऊन त्या मुलाच्या दवाखान्यात गेले. पाठ दाखवायला नाही, दुआ द्यायला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढी पोचती केली. त्याने शंकरपाळे तिथेच खाल्ले. प्रसादची मान लॅपटॉपमुळे आखडलेली असते, त्याला मात्र त्याने तपासून, सगळं विचारून बाकावर घेतलं आणि आराम पडला. म्हणून मी कुणी विचारलं तर असं सांगत नाही की हे खोटं आणि ते खरं. माझी हाडं वेगळी, प्रसादची वेगळी. मी सांगते, जो हात लावण्याआधी तुम्हाला विचारत नाही त्याच्यापुढे पाठ करू नका, मग तो गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला असो नाहीतर उघड्या पायाचा. आणि वय झालंय, पडला आहात, ताप येतो, वजन उतरतंय, पायाला मुंग्या येतात, लघवीवर ताबा राहत नाही, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. बाकी सगळं नंतर.

पायाळूच्या पायाने लोक बरे का होतात, तेही मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या. साधी उसण बहुतेकांची थोड्या दिवसांत आपोआप जाते म्हणे, पाय लावा की लावू नका. मग मला थोडं वाईट वाटलं. पण त्यांनीच पुढे म्हटलं, "लेकिन अम्मा, कोई प्यार से पाँव धोके आता, चुपचाप छूता, चाय तक नहीं पीता. उससे भी दर्द थोड़ा डरता होगा ना?"

आता शेवटची गोष्ट. परवा पद्माअम्मा कमरेवर हात ठेवून, वाकड्या होऊन आल्या आणि न विचारताच सतरंजी ओढून पालथ्या पडल्या. "अक्का, लगाओ जल्दी."

मी पाय धुऊन आले, भिंतीला हात टेकून उभी राहिले, पाय उचलला. आईची रीत अशी की आता बोलायचं नाही. मी बोलले.

"पद्मा, गिरे क्या तुम?"

"नहीं. लगाओ ना."

"बुखार?"

"अरे, क्या परेशान करते अक्का! नहीं."

"पाँव में मुंग्या? झुनझुनी?"

पद्माअम्मांनी सतरंजीवर डावा पाय जरा हलवून पाहिला. "बाएँ में है थोड़ी. चार दिन से. चप्पल निकल के गिर जाती, समझ में नहीं आता."

मी पाय खाली ठेवला.

"क्या हुआ?"

"आज मैं पाँव नहीं लगाती," मी म्हटलं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. "उठो. पहले डॉक्टर के पास जाते."

पद्माअम्मा इतक्या रागावल्या, की त्यांच्या तोंडावर मला माझंच तोंड दिसलं. "इत्ते साल सबको लगाए, मेरेकोच नहीं?" मी त्यांना कुशीवर वळवून, पाय खाली सोडायला लावून, हाताने रेटा देऊन उठायला शिकवलं. ह्यांनी ऑटो आणली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आम्ही दोघी वेटिंग रूममध्ये शेजारी शेजारी बसलो, त्या फुगलेल्या आणि मी त्यांच्या पाठीमागे घरून आणलेली उशी सारत. त्यांची नस दबली होती. वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उपचार चालू आहेत, चप्पल आता पायात राहते.

माझी गेलेली उंची परत आलेली नाही, आणि ती येणार नाही, असं मला सांगून झालंय. मसाल्याची बरणी खालच्या फळीवर आली. साड्या मी आता थोड्या वर खोचते. लोक अजून येतात, सतरंजीही अंथरते. पण आधी त्यांना माझ्यासमोर खुर्चीवर बसवते, आणि पाय धुवायच्या आधी सगळं विचारून घेते.